केस पेपरचं पुढे काय होतं?

ताप उतरतो, टाके निघतात, प्लॅस्टर सुटतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. पण त्या आजारपणाचा कागद मात्र कुठे तरी शिल्लक असतोच. गादीखाली, कपाटावरच्या सुटकेसमध्ये, दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, होस्टेलच्या ऑफिसातल्या फाइलीत, नाही तर रद्दीवाल्याच्या हातगाडीवर. आपण इंजिनीअरिंगवाले 'डेटा सिक्युरिटी' म्हटलं की लगेच पासवर्ड, फायरवॉल, एन्क्रिप्शन असे मोठमोठे शब्द काढतो. कागदाला पासवर्ड नसतो. जो उचलेल तो वाचेल. आणि आपल्याकडे अजूनही बहुतेक आजारपण कागदावरच आहे. म्हणून या वर्षी मराठी विभागासाठी कागदावरच लिहायचं ठरवलं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'इंग्रजीत विचार करून मराठीत लिहू नकोस,' अशी ताकीद संपादकांनी आधीच दिली आहे. 'प्रायव्हसी'ला डिक्शनरीत गोपनीयता, खासगीपणा असे शब्द सापडले. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "ते तुझं प्रायव्हसी मले नाही समजत. दुसऱ्याचं झाकेल आपण उघडू नाही, एवढं समजते." माझ्या मते याहून चांगली व्याख्या पुस्तकात नसेल. तर या लेखात एवढंच बघायचं आहे, की आजाराचा कागद झाकलेला राहावा म्हणून कोणी, कुठे आणि काय करायला हवं.

प्लेटवर छापलेली नावं

जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातला एक व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात खाण्यासाठी वापरायच्या कागदी प्लेटा होत्या आणि त्या प्लेटांवर रुग्णांची नावं व तपासणीची माहिती छापलेली दिसत होती. मुंबईच्या माजी महापौर किशोरी पेडणेकर यांनी तो व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकल्यावर गदारोळ झाला. रुग्णालयाने खुलासा केला की हे रिपोर्ट नाहीत, सी.टी. स्कॅनचे जुने फोल्डर आहेत. ते रद्दीत दिले होते, पण देण्याआधी त्यांचे बारीक तुकडे केले गेले नव्हते. महापालिकेने सहा कर्मचाऱ्यांना कारणे दाखवा नोटीस दिली.

केईएम हे १९२६ पासूनचं, महाराष्ट्रभरातून पेशंट जातात असं रुग्णालय आहे. आपल्या खान्देशातूनही मोठं दुखणं झालं की लोक रात्रीची गाडी पकडून तिकडे जातात. म्हणून ही बातमी वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की त्या प्लेटांवर आपल्या ओळखीचं नाव तर नसेल?

या घटनेत कोणी चोरी केली नाही. कोणी हॅक केलं नाही. कोणाचं वाईट व्हावं असं कोणाच्या मनातही नव्हतं. फोल्डर जुने झाले, जागा अडत होती, रद्दीत गेले. रद्दीवाल्याला जाड कागद मिळाला, प्लेट करणाऱ्याला कच्चा माल मिळाला. प्रत्येकाने आपापलं रोजचं कामच केलं. फक्त एवढ्या साखळीत कोणालाही वाटलं नाही की हा नुसता कागद नाही, हे कोणाचं तरी आजारपण आहे. कागदाची गुप्तता बहुतेक वेळा अशीच फुटते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'रिपोर्ट नव्हता, नुसता फोल्डर होता' हा खुलासा खरा मानला तरी पुरत नाही. पाकिटावर पेशंटचं नाव आणि विभागाचं नाव असलं की अर्धी गोष्ट सांगून झालेली असते. मानसोपचार विभाग, क्षयरोग विभाग, कॅन्सरचा वॉर्ड असं बाहेर लिहिलेलं असेल तर आतला कागद वाचायची गरजच काय? आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा बंद आणि मेटाडेटा उघडा.

कागदावर असतं तरी काय?

कोणताही लॅब रिपोर्ट घ्या. वरच्या चौकोनात नाव, वय, लिंग, पत्ता किंवा मोबाइल नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक. खाली आकडे आणि निदान. आपल्याला वाटतं, नाव खोडलं की झालं. पण तसं होत नाही.

अमेरिकेत लतान्या स्वीनी नावाच्या संशोधिकेने १९९७ मध्ये एक प्रयोग केला. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची माहिती नावं काढून संशोधनासाठी दिली होती. स्वीनी यांनी २० डॉलरला केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा) जुळवून खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची माहिती शोधून काढली. पुढे २००० साली त्यांनी हिशोब मांडला की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं नेमकी ओळखता येतात.

आमच्या नशिराबादला तर तेवढंही लागत नाही! जळगाव-भुसावळ हायवेवरचं आमचं गाव तसं मोठं आहे, पण एकमेकांना ओळखणारं आहे. 'वय ५८, स्त्री, किडनीचे डॉक्टर, आठवड्यातून दोनदा जळगावला जाणं' एवढं सांगितलं तर चहाच्या टपरीवरचा माणूस नाव सांगेल, घर दाखवेल आणि त्या घरच्या मुलीचं लग्न कुठे ठरत होतं तेही सांगेल. मोठ्या शहरात नाव झाकून भागत असेल, गावात आणि होस्टेलमध्ये नावाशिवायही माणूस ओळखू येतो.

आता कोणी म्हणेल, 'त्यात लपवण्यासारखं काय आहे? आजार म्हणजे गुन्हा आहे का?' गुन्हा नाहीच. पण आपल्याकडे टी.बी., एच.आय.व्ही., फिट येणं, कोड, मानसिक आजार, गर्भपात, मूल न होणं यातलं काहीही बाहेर कळलं की सोयरिकी मोडतात, भाड्याची खोली जाते, नोकरी जाते. समाज बदलायला हवा हे खरंच आहे. पण तो बदलेपर्यंत ज्याचा कागद आहे त्याने का भोगायचं?

नशिराबाद ते जळगाव व्हाया प्लॅस्टिकची पिशवी

आपल्याकडची एक गंमत लक्षात घ्या. इथे दवाखान्यापेक्षा जास्त रेकॉर्ड पेशंटच्या घरी असतं. डॉक्टरांसाठीची २००२ ची जी नियमावली आहे, तिच्यात भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितलं आहे. ओ.पी.डी.चा कागद मात्र पेशंटच घरी घेऊन जातो. म्हणजे आपली रेकॉर्ड रूम कोणती? तर साडीच्या दुकानाची जुनी पिशवी. तिच्यात केस पेपर, रिपोर्ट, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि मेडिकलची बिलं.

ही पिशवी नशिराबादहून जळगावला निघते. सिव्हिलला जायचं असेल (२०१८ पासून ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून सिव्हिलच), तर एस.टी.त किंवा रिक्षात मांडीवर एक्स-रेचं भलं मोठं पाकीट असतं. त्यावर ठळक अक्षरात नाव. शेजारचा माणूस प्रेमानेच विचारतो, "कोणाचं आहे? काय निघालं?" आणि पाकीट हातात घेऊन फिल्म उजेडात धरतो. त्याला त्यातलं काही कळत नसतं, पण जळगाव येईपर्यंत अर्ध्या गाडीला कळलेलं असतं.

पुढे ओ.पी.डी.ची खिडकी. रजिस्टर उघडं. आपलं नाव लिहून घेईपर्यंत आपण वरच्या दहा जणांची नावं आणि आजार वाचून काढतो. मग लॅब. तिथे टेबलावर रिपोर्टांचा गठ्ठा असतो आणि 'तुमचा शोधून घ्या' असं सांगितलं जातं. आपला सापडेपर्यंत दुसऱ्या वीस जणांचे हाताळून होतात.

मग मेडिकल स्टोअर. चिठ्ठी म्हणजे नुसती गोळ्यांची यादी असं आपल्याला वाटतं, पण गोळीच्या नावावरून आजार कळतो. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मधल्या औषधांसाठी दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. यात टी.बी.ची औषधंही आहेत. औषधांचा गैरवापर थांबावा म्हणून हा नियम चांगलाच आहे. पण म्हणजे गावातल्या मेडिकलच्या काउंटरमागे एक वही आहे, जिच्यात कोणाला टी.बी. आहे ते लिहिलेलं आहे. ती वही कोण उघडतं, तीन वर्षांनी तिचं काय होतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

शेवटी झेरॉक्स. मेडिक्लेम, रजा, परीक्षेचा अर्ज, सरकारी योजना, सगळीकडे 'झेरॉक्स जोडा'. वाकडी आलेली, काळी आलेली कॉपी दुकानातच राहते. तिच्या कोऱ्या बाजूवर हिशोब होतो आणि मग ती शेव-मुरमुऱ्याच्या पुडीला जाते. आणखी एक गोष्ट आपल्या ब्रँचच्या लोकांना तरी माहीत हवी. अनेक मोठ्या डिजिटल झेरॉक्स मशिनांमध्ये हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर कागदाची प्रतिमा राहू शकते. अमेरिकेत अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या विमा संस्थेने भाड्याची मशिनं डिस्क न पुसता परत केली आणि २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली.

एका मुलीचा सेमिस्टर

हे सगळं कशासाठी सांगते आहे? माझ्या ओळखीतल्या एका मुलीला कॉलेजात असताना टी.बी. निघाला. तिला विचारूनच लिहिते आहे. कॉलेज, शाखा, वर्ष मुद्दाम सांगत नाही, कारण वर सांगितलंच की तेवढ्यावरून ती ओळखू येईल.

तिला हजेरीसाठी सर्टिफिकेट द्यायचं होतं. ऑफिसात सांगितलं, नुसतं सर्टिफिकेट नको, पूर्ण फाइलची झेरॉक्स आणा. ती आणली. ती झेरॉक्स काउंटरवरच्या ट्रेमध्ये बाकी अर्जांबरोबर पडून राहिली. त्याच ट्रेमध्ये स्कॉलरशिपचे फॉर्म होते. फॉर्म शोधायला येणाऱ्या प्रत्येकाने तो गठ्ठा चाळला. दोन दिवसांत कोणीतरी मोबाइलमध्ये फोटो काढला. मेसमध्ये तिची थाळी वेगळी ठेवायला लागले. रूममेटने रूम बदलून मागितली. कोणी भांडलं नाही, कोणी वाईट बोललं नाही, फक्त सगळे जरा लांब बसायला लागले.

तोपर्यंत तिची औषधं व्यवस्थित सुरू झालेली होती. नेहमीच्या टी.बी.त औषधं नीट घेतली तर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते आणि साधारण सहा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. डॉक्टरांनी तिला कॉलेजला जायला परवानगी दिली होती. पण ती घरी निघून गेली आणि सेमिस्टर बुडाला. आजाराने तिचे तीन आठवडे घेतले. एका उघड्या ट्रेने सहा महिने घेतले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गुप्तता म्हणजे लपवाछपवी नाही. टी.बी. हा २०१२ पासून सरकारला कळवायचा आजार आहे आणि डॉक्टर तो कळवतातच, कळवायलाच हवा. एकत्र राहणाऱ्यांची तपासणी करायची असेल तर आरोग्य खात्याचे लोक सांगतात. कोणाला फिट येत असेल तर रूममेटला आणि वॉर्डनला माहीत असणं चांगलंच. मुद्दा असा, की ज्याला काम आहे त्याला, जेवढं काम आहे तेवढंच कळावं. आरोग्य खात्याला कळणं वेगळं आणि स्कॉलरशिपचा फॉर्म शोधणाऱ्याला कळणं वेगळं.

कोविडमध्ये आपण सगळ्यांनी हे पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. म्हणजे माणसाचा हातच केस पेपर झाला. घरांवर पोस्टर लागली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली तसा आदेश दिला असेल तेव्हाच पोस्टर लावता येईल. शिक्का पुसला गेला, पण त्या वेळी शेजाऱ्यांनी बंद केलेली दारं काही घरांना अजून आठवतात.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांच्या त्याच २००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की उपचार करताना कळलेलं पेशंटचं गुपित डॉक्टरने उघड करू नये. अपवाद तीनच. न्यायालयाने आदेश दिला तर, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि कायद्याने कळवायचा आजार असेल तर. उलट पेशंटने स्वतः आपलं रेकॉर्ड मागितलं तर ते ७२ तासांत द्यायचं. म्हणजे कागद पेशंटपासून लपवायचा नाही, पेशंटसाठी जपायचा आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आणि एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा, दोन्हींत गुप्ततेची वेगळी कलमं आहेत. पण त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात एक कामगार गेला होता. एच.आय.व्ही. आहे म्हणून त्याला काम नाकारलं होतं. न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, आणि त्या निकालपत्रात त्याचं नाव आहे 'एम.एक्स.' कंपनीचं नाव 'झेड.वाय.' हक्क मागायला गेलेल्या माणसाला त्यासाठी आपला आजार गावभर सांगावा लागू नये, हे तिथे अक्षरशः कागदावर पाळलं गेलं.

मग आताच्या नव्या डेटा कायद्याचं काय? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. पण नावातच 'डिजिटल' आहे. माहिती डिजिटल स्वरूपात घेतलेली असेल किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केली असेल तरच तो लागू होतो. जो कागद कागदच राहिला, तो या कायद्याच्या बाहेर! म्हणजे सर्व्हरवरच्या रिपोर्टला रखवालदार मिळाला आणि ट्रेमधला रिपोर्ट तसाच उघडा राहिला.

वहीतलं एन्क्रिप्शन

हे शोधताना मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आता सांगते. गर्भपाताच्या कायद्याखाली २००३ चे जे नियम आहेत, त्यात कागदाची गुप्तता कशी ठेवायची याची पूर्ण पद्धत दिलेली आहे. दवाखान्यात एकच प्रवेश रजिस्टर असतं. त्यात स्त्रीचं नाव लिहायचं आणि तिला एक अनुक्रमांक द्यायचा. नवं वर्ष सुरू झालं की क्रमांक पुन्हा एकपासून. बाकी कुठेही, म्हणजे केस पेपरवर, ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमध्ये, पुढच्या तपासणीच्या कार्डावर, तिचं नाव लिहायचंच नाही, फक्त तो क्रमांक लिहायचा. संमतीचा कागद आणि डॉक्टरांचं मत पाकिटात घालून सीलबंद करायचं, वर 'गुप्त' असं लिहायचं आणि ते दवाखान्याच्या प्रमुखाने सुरक्षित ठेवायचं. रजिस्टर कोणाला दाखवायचं नाही आणि ठरलेली पाच वर्षं झाली की नष्ट करायचं.

डी.बी.एम.एस.च्या तासाला आपण प्रायमरी की आणि फॉरेन की शिकतो, हे नेमकं तेच आहे! नावाचं टेबल एकाच ठिकाणी, कुलपात. बाकी सगळीकडे फक्त की. एखादा कागद बाहेर पडलाच तर त्यावर '१४' एवढंच दिसेल. यासाठी ना कॉम्प्युटर लागला, ना वीज. एक वही, एक पाकीट, एक कुलूप आणि नष्ट करायची तारीख. हीच पद्धत बाकीच्या आजारांना वापरायला कोणी अडवलेलं नाही.

फाडणं म्हणजे नष्ट करणं नव्हे

आता शेवटचा टप्पा. कागद दोनदा फाडून डस्टबिनमध्ये टाकला की आपल्याला वाटतं काम झालं. चार तुकडे कोणीही जुळवेल. श्रेडर असला तरी कोणता ते बघायला हवं. श्रेडरसाठी डी.आय.एन. ६६३९९ नावाचं जर्मन स्टँडर्ड आहे आणि त्यात कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा पायऱ्या आहेत. पी-२ म्हणजे ६ मिलिमीटरपर्यंत रुंद लांबट पट्ट्या. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण ३५ पट्ट्या झाल्या. पण १२ पॉइंटच्या अक्षराची ओळ जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर उंच असते. कागद आडवा घातला आणि ओळी पट्टीच्या दिशेने आल्या, तर एका पट्टीवर नावाची अख्खी ओळ सुखरूप राहते! पी-४ मध्ये तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा. ए-फोरचं क्षेत्रफळ ६२,३७० चौरस मिलिमीटर, म्हणजे एका कागदाचे जवळपास ३९० तुकडे. पेशंटच्या कागदासाठी निदान एवढं तरी हवं.

पट्ट्यांचं काय होऊ शकतं? १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत कर्मचाऱ्यांनी घाईघाईत पट्ट्या करून टाकलेले कागद इराणी लोकांनी बसून हाताने जुळवले आणि नंतर छापले. २०११ मध्ये अमेरिकेच्या 'दार्पा' संस्थेने तुकडे जुळवण्याची स्पर्धाच ठेवली. पाच कोडी होती, दहा हजारांहून जास्त तुकडे. एका टीमने ती ३३ दिवसांत सोडवून ५० हजार डॉलर जिंकले. आपल्या लॅब रिपोर्टासाठी कोणी एवढी मेहनत घेणार नाही हे मान्य. पण सहज वाचता येऊ नये एवढी काळजी तरी घेता येतेच.

घरी श्रेडर नसेल तर साधे उपाय आहेत. वरचा नावाचा चौकोन कापून वेगळा करा, त्याचे बारीक तुकडे करा. साधा कागद बादलीत रात्रभर भिजत घालून हाताने कुस्करला की लगदा होतो. पेपर मिलमध्ये मोठ्या प्रमाणावर हेच करतात, आणि कागद वायाही जात नाही. ई.सी.जी. आणि सोनोग्राफीचे गुळगुळीत कागद थर्मल असतात. त्यावरून गरम इस्त्री फिरवली की सगळा काळा होतो. एक्स-रेच्या फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाला ती आवडीने घेतो. द्यायच्या आधी नाव असलेला कोपरा कापून टाका. मात्र डॉक्टरांना न विचारता जुने रिपोर्ट फेकू नका, पुढच्या उपचाराला ते लागतात.

आपल्या होस्टेलपुरतं

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, आपण काय करणार? मला वाटतं, सुरुवात आपल्या होस्टेलपासूनच करता येईल आणि त्याला फारसा खर्चही नाही. रेक्टर सर, मॅडम आणि ऑफिसच्या मंडळींना माझी ही नम्र विनंती आहे:

१) पूर्ण फाइलची झेरॉक्स मागू नये. हजेरीसाठी फक्त विश्रांती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढं पुरतं. सर्टिफिकेटच्या ठरलेल्या नमुन्यातच आजार लिहायची जागा आहे, त्यामुळे मूळ सर्टिफिकेट पाहावं, तारखा नोंदवाव्यात आणि ते परत द्यावं.

२) कागद घ्यावाच लागला तर बंद पाकिटात, एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे, कुलपाच्या ड्रॉवरमध्ये. सी.आर.च्या हाती किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुळीच नाही.

३) नोटीस बोर्डावर 'वैद्यकीय कारणाने सूट' अशी नावांची यादी लावू नये.

४) नोंदवहीत नाव एका ठिकाणी, बाकी सगळीकडे क्रमांक. पद्धत वर दिलीच आहे.

५) वर्ष संपलं की जुने कागद दोघांच्या समोर नष्ट करावेत आणि तारीख टाकून सह्या कराव्यात. रद्दी उचलायचा दिवस आणि फाइल निकाली काढायचा दिवस एक नसावा.

आणि आपल्यासाठी म्हणाल, तर झेरॉक्स काढताना मशीनपाशी उभे राहा. काचेवरचा मूळ कागद आणि बिघडलेली कॉपी दोन्ही घेऊनच निघा. दुसऱ्याचा रिपोर्ट हाती आला तर उलटा करून द्या. मित्राला ताप आला तर डबा नेऊन द्या, त्याच्या रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

अमेरिकेत २००९ मध्ये पार्कव्ह्यू नावाच्या आरोग्य संस्थेच्या लोकांनी एका डॉक्टरच्या घरासमोर पेशंटच्या रेकॉर्डची ७१ खोकी ठेवली. डॉक्टर घरी नाहीत हे त्यांना माहीत होतं, तरी ठेवून निघून गेले. २०१४ मध्ये त्यांना त्यापायी आठ लाख डॉलर भरावे लागले. त्यांची समजूत अशी की खोकी पोचवली, आपलं काम संपलं. पण काम तेव्हा संपतं, जेव्हा कागद योग्य माणसाच्या हातात पडतो किंवा त्याचा लगदा होतो. तोपर्यंत तो ज्याच्या हातात आहे, त्याचीच जबाबदारी आहे. मग तो हात डॉक्टरांचा असो, शिपाईकाकांचा असो, झेरॉक्सवाल्याचा असो, की तुमचा-माझा असो.

परीक्षा संपल्या की होस्टेलच्या खोल्या रिकाम्या होतील आणि नेहमीप्रमाणे गेटवर रद्दीवाला येईल. नोट्स, असाइनमेंट, जुने पेपर खुशाल द्या. फक्त देण्याआधी गठ्ठा एकदा चाळा आणि कोणाचं आजारपण त्यात चाललं असेल तर ते बाजूला काढा.